बास्केटबॉल रेफ्रीला खरंच कोटीत पगार असतो का? आणि आपल्या खान्देशातून त्या लाईनीत जायचं कसं?

अमळनेरचा_पॉइंटगार्ड

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच इथं लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी अमळनेर तालुक्यातला, वय २३, बीपीएडचं (शारीरिक शिक्षणाच्या पदवीचं) शेवटचं वर्ष. आठवीपासून बास्केटबॉल खेळतोय, विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तीन वर्षं खेळलो पण उंची पाच फूट पाच, त्यामुळे दर सिलेक्शनला "पोरगं चपळ आहे पण..." एवढं म्हणून सर पुढच्या पोराकडे बघायला लागतात. त्या "पण"ची आता सवय झालीय.

तर मागच्या सप्टेंबरात शालेय जिल्हास्तरीय स्पर्धेला पंच कमी पडले. सकाळी पाऊस पडून गेलेला, सिमेंटचं कोर्ट ओलं, पोरं बारदानानं पाणी पुसतायत आणि आमच्या सरांनी अचानक माझ्या हातात शिट्टी दिली, म्हणे चल उभा राहा. चौदा वर्षांखालच्या मुलींच्या दोन मॅच काढल्या. पहिल्या पाच मिनिटांत तोंडाला कोरड पडली होती, डबल ड्रिबल डोळ्यासमोर झालं तरी शिट्टी वाजेना. पण दुसऱ्या मॅचला मजा आली, खरं सांगतो, खेळताना कधी आली नाही एवढी.

त्यानंतर एक रील बघितलं की एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या बास्केटबॉल लीगच्या रेफ्रीला वर्षाला चार कोटी भेटतात. घरी दाखवलं. बापू कापसाला फवारणी करून आले होते, हात धुता धुता म्हणे, "शिट्टी वाजाडीसन पोट भरस का रे?" आणि जेवायला बसले. विषय संपला.

तर माझे प्रश्न: हे चार कोटी खरं आहे का? भारतात पंचाला किती भेटतात? सुरुवात कुठून करायची? आणि एकजण ऑनलाईन "इंटरनॅशनल रेफ्री सर्टिफिकेट" ३५ हजारात देतो म्हणतोय, घेऊ का? अर्धे पैसे लगेच भरायचेत, ऑफर रविवारपर्यंतच आहे.

---

शेवभाजी_एक्स्ट्रा_रस्सा

भो, ३५ हजार भरू नको, त्यापेक्षा माले दे, मी तुले दोन शिट्ट्या आणि एक सर्टिफिकेट देस 😂

मस्करी सोड. क्रिकेटचा अंपायर हो. बीसीसीआयनं २०२२ मध्ये अंपायरांच्या कॅटेगरी बदलल्या तेव्हा पेपरला आलं होतं, ए प्लस आणि ए वाल्याला दिवसाचे ४० हजार, बी आणि सी वाल्याला ३० हजार. दिवसाचे! रणजीची मॅच चार दिवसांची, कर हिशोब. आणि पळायचं पण नाही, टोपी घालून उभं राहायचं.

---

धुळ्याचे_आप्पा

वरच्या भाऊंनी क्रिकेटचं सांगितलं ते बरोबर आहे, पण त्या रांगेत उभे असलेले लोक पण बघा किती आहेत ते. असो, प्रश्न बास्केटबॉलचा आहे.

पोरा, मी शाळेत पीटी शिक्षक होतो, आता रिटायर आहे. शिट्टी २८ वर्षं वाजवली. तुला गोड बोलून फसवणार नाही.

सगळ्यात आधी ते ३५ हजार. एक रुपया देऊ नको. फिबाचं (जागतिक बास्केटबॉल संघटनेचं) रेफ्री लायसन विकत भेटत नाही, कुणालाच. ते ज्या देशाचं त्या देशाच्या फेडरेशननं नाव पाठवावं लागतं, आपल्याकडे बास्केटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया. मग फिबाची परीक्षा, लेखी, प्रत्यक्ष मॅच आणि पळण्याची टेस्ट. पास झालास तरी लायसन ठरावीक वर्षांपुरतं, मुदत संपली की परत सिद्ध करायचं. आणि तिथपर्यंत पोचायला आधी जिल्हा, मग राज्य संघटनेची पंच परीक्षा, मग राष्ट्रीय परीक्षा, असं जावं लागतं. मधली एकही पायरी ऑनलाईन विकत भेटत नाही. ज्याची ऑफर रविवारपर्यंतच असते त्याला सोमवारी फोन लावून बघ, उचलतो का.

आता पैशाचं. आपल्याकडे पंचाला पगार नाही रे, मानधन असतं. मी सुरुवात केली तेव्हा नाश्ता आणि शाबासकी होती. पुढे दिवसाचे शंभर झाले, मग दोनशे, रिटायर होताना मला जिल्ह्याच्या स्पर्धेला दिवसाचे पाचशे भेटत होते आणि एसटीचं तिकीट दाखवलं तर त्याचे पैसे. राज्य स्पर्धेला जरा बरं, राहायची सोय, जेवण, टीए-डीए. राष्ट्रीय स्पर्धेला आठ-दहा दिवस घर सोडून राहावं लागतं, तिथं त्याहून बरं. पण कितीही धरलं तरी यावर बायको-पोरं सांभाळता येत नाहीत. माझा पगार शाळेतून यायचा, शिट्टी ही माझी हौस होती, आणि मुख्याध्यापक चांगले होते म्हणून ऑन ड्यूटी सोडायचे.

एक किस्सा सांगतो, जागेचं नाव घेत नाही. एका तालुक्याच्या गावी मंडळाची लाईटखालची स्पर्धा. फायनल, दोन पॉइंटचा फरक, शेवटचे काही सेकंद. गाववाला पोरगा बॉल घेऊन आत घुसला, पाहुण्या टीमचा पोरगा पाय रोवून छातीवर धडक घ्यायला आधीपासून उभा. धडक झाली, बॉल रिंगमध्ये. सगळं गाव उभं राहिलं. मी शिट्टी फुंकली, मूठ दुसऱ्या बाजूला दाखवली. चार्ज, म्हणजे बॉलवाल्याचाच फाऊल. बास्केट रद्द. तेवढ्यात लाईट गेली (माझं नशीब). लाईट आली तेव्हा आयोजक गायब, पाकिटं त्याच्याजवळ. दुसऱ्या कुणीतरी शाल-नारळ हातात ठेवून आम्हाला जीपमध्ये बसवून दिलं. त्या नारळाची घरी चटणी झाली, तेवढीच त्या मॅचची कमाई.

पण कॉल बरोबर होता. आजही डोळे मिटले की दिसतो, पोराचे दोन्ही पाय जमिनीवर होते.

---

भुसावळ_टू_न्यूजर्सी

आप्पा, जय खान्देश 🙏 मी मूळ भुसावळचा, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेलो, आता इकडे नोकरी. एनबीएचं वेड आहे म्हणून त्या बाजूचं लिहितो.

चार कोटीचं रील अगदी खोटं नाही, पण अर्धवट आहे. लीग रेफ्रींचे पगार जाहीर करत नाही, ते त्यांच्या युनियनच्या करारात ठरतात. अमेरिकन पेपरांत वर्षानुवर्षं जे आकडे येतात ते असे की नवीन रेफ्री साधारण १ लाख ८० हजार ते अडीच लाख डॉलर आणि एकदम सीनियर असेल तर ५ लाखांच्या घरात. डॉलर ८५ रुपयांनी धरला तर दीड कोटीपासून सव्वाचार कोटीपर्यंत. म्हणजे रीलवाल्यानं सगळ्यात वरच्या माणसाचा आकडा उचलून सगळ्यांच्या डोक्यावर ठेवला. शिवाय त्यातून टॅक्स जातो आणि इकडचा खर्च पण डॉलरमध्येच असतो, आम्हाला विचारा, भेंडीची जुडी बघितली तरी घाम फुटतो.

प्लेऑफला (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांना) वेगळे जादा पैसे असतात, पण प्लेऑफला सगळे नाही घेत. पहिल्या फेरीला ३६ जण निवडतात, मग दर फेरीला कमी करत फायनलला १२ राहतात. म्हणजे खेळाडूंसारखीच यांची पण स्पर्धा. प्रत्येक कॉल नंतर व्हिडिओवर तपासला जातो. २०१५ पासून तर चुरशीच्या मॅचच्या शेवटच्या दोन मिनिटांचा रिपोर्टच लीग जाहीर करते, कुठला कॉल बरोबर, कुठला चुकला, सगळ्या जगासमोर. विचार करा, आपल्याकडे तलाठ्याच्या रोजच्या कामाचा असा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी चावडीवर लागला तर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फुल टाइम रेफ्री सगळे मिळून पंच्याहत्तरच्या आसपास. एसटीच्या दोन गाड्यांत सगळे बसतील, खिडकीची सीट पण भेटेल. लीगच्या सीझनला १२३० मॅच, प्रत्येक मॅचला तीन रेफ्री, महिन्यातले वीस-बावीस दिवस विमान आणि हॉटेल. घरची पूजा, भाच्याचं जाऊळ, सगळं विसरा.

तिथं पोचतात कसे, तर "अर्ज करा" असं काही नसतं. शाळेच्या मॅच, मग कॉलेजच्या मॅच काढत राहायचं, लीगचे स्काऊट फिरत असतात, त्यांच्या नजरेत भरला तर कॅम्पला बोलावतात. एका कॅम्पातून पुढच्या कॅम्पात, गाळून गाळून. त्यातून जी लीगमध्ये घेतात, ती एनबीएची खालची लीग, २००१ साली सुरू झालेली. तिथं मॅचवर पैसे भेटतात आणि ते काही फार नाहीत, बरेचजण सोबत दुसरी नोकरी करतात. तिथं काही वर्षं काढली की मधूनमधून एनबीएची एखादी मॅच देतात आणि त्यातून कुणाला तरी फुल टाइम. सुयश मेहताचं नाव गुगल कर, भारतीय वंशाचा पहिला एनबीए रेफ्री, २०२० मध्ये फुल टाइम झाला. पण तो अमेरिकेतच वाढला आणि जी लीगमध्ये घासून वर आला. अमळनेरहून थेट तिकडे उडी, असा रस्ता नाही भाऊ, इथं काम करायचा परवाना पाहिजे आणि आधी इथल्या जिममध्ये हजारो मॅच पाहिजेत.

कॉलेजचे रेफ्री, ते काळे-पांढरे पट्टेवाले, ते पगारी नसतात, मॅचवर पैसे. मोठ्या कॉन्फरन्सला (कॉलेजांच्या गटाला) एका मॅचचे दोन-तीन हजार डॉलर पण भेटतात म्हणे, छोट्या कॉलेजला त्याच्या कितीतरी कमी. आठवड्याला चार-पाच मॅच काढणारे, रात्रभर गाडी चालवत पुढच्या गावी जाणारे लोक आहेत, आपल्या तमाशाच्या फडासारखं.

---

शेवभाजी_एक्स्ट्रा_रस्सा

एवढा पगार असून एकजण सट्ट्यात सापडला होता ना तिकडे?

---

भुसावळ_टू_न्यूजर्सी

हो, टिम डोनाघी. १३ सीझन एनबीएत शिट्टी वाजवली, २००७ मध्ये बेटिंगमध्ये अडकला, कोर्टात गुन्हा कबूल केला आणि १५ महिन्यांची शिक्षा झाली. पैसा कमी होता म्हणून नाही, जुगाराची सवय होती म्हणून. त्यानंतर लीगनं रेफ्रींवरची नजर फारच कडक केली.

पण कमाईचं बोलताय तर एक भारी गोष्ट. रेफ्री लोकांत खरा पैसा कमावला तो रॉन फॉक्सक्रॉफ्ट नावाच्या कॅनडाच्या माणसानं, आणि तो पगारातून नाही. हा माणूस १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकच्या फायनलला रेफ्री होता. पुढे १९८४ मध्ये ब्राझीलला एका मॅचमध्ये फाऊल झाला, यानं शिट्टी फुंकली आणि ती वाजलीच नाही, आतला मणी अडकला. पब्लिक खवळलं. घरी येऊन यानं ठरवलं की बिनमण्याची शिट्टी बनवायची. १९८७ ला बाजारात आणली, फॉक्स ४०. आज आप्पांच्या गळ्यात पण तीच असेल, पैज लावतो.

---

धुळ्याचे_आप्पा

हरलो पैज. तीच आहे. काळी. दोरी तीनदा बदलली, शिट्टी तीच.

---

अमळनेरचा_पॉइंटगार्ड

बापरे, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. धन्यवाद आप्पा, धन्यवाद भुसावळवाले दादा. त्या ३५ हजारवाल्याला सांगितलं की आमच्या जिल्हा संघटनेच्या सरांशी बोलून घ्या, तर त्यानं ब्लॉकच केलं 😅

मग आता समजा मी नोकरी बघतो आणि सोबत हे करतो. पण नोकरी कुठली? पीटी शिक्षकाच्या जागा निघतच नाहीत, आमच्या मागच्या तीन बॅच घरी बसल्यात. आणि पंच परीक्षेचा अभ्यास कसा करायचा, नियमाचं पुस्तक इंग्रजीत आहे, दोन पानं वाचली की डोळे मिटतात.

---

लाल_निळा_पेन

मी जळगावची. आधी स्कोअर लिहायच्या टेबलावर बसायचे, आता गेली सहा वर्षं पंच म्हणून पण उभी राहते. बँकेत नोकरी आहे.

आप्पांनी आणि दादांनी सगळं सांगितलं पण सुरुवात कुठून करायची ते राहिलं. माझं ऐक, शिट्टीच्या आधी टेबलावर बस. सगळ्यांना मधोमध उभं राहून हात वर करायचा असतो, स्कोअरशीट लिहायला कुणी तयार नसतं, म्हणून तिथं जागा कायम रिकामी असते. सरांना जाऊन म्हण, मला स्कोअरशीट शिकवा. ते नाचतील.

आणि ते दिसतं तेवढं सोपं नाही. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल पेनानं, दुसरा आणि चौथा निळ्या नाहीतर काळ्या. साधी बास्केट पडली की रनिंग स्कोअरच्या आकड्यावर तिरकी रेघ, फ्री थ्रो असेल तर भरीव टिंब, थ्री पॉइंटर असेल तर खेळाडूच्या नंबराभोवती गोल. फाऊल कुणाचा, कितवा, टीमचा कितवा, टाइमआऊट कुठल्या मिनिटाला. क्वार्टरमध्ये टीमचे चार फाऊल झाले की पुढच्या डिफेन्स फाऊलला दोन फ्री थ्रो, हे पंचाला टेबलवाल्यानंच दाखवायचं असतं. माझ्या पहिल्या मॅचला मी तिसऱ्या क्वार्टरला निळा पेन चालवला, मॅच संपल्यावर मुख्य पंचांनी शीट बघितली, काही बोलले नाहीत, खिशातून लाल पेन काढून माझ्यासमोर ठेवला आणि चहा प्यायला गेले. तेव्हापासून पर्समध्ये दोन्ही असतात. लिपस्टिक विसरेन, पेन नाही.

टेबलावर पन्नास मॅच काढल्यास की नियम आपोआप अंगात उतरतात. पुस्तक मग झोप आणत नाही कारण प्रत्येक ओळीला तुझ्या डोळ्यासमोर एखादी भांडणाची मॅच असते. इंग्रजी मात्र सोडू नको. राज्यापर्यंत मराठी-हिंदीवर निभावतं, राष्ट्रीय परीक्षेला आणि त्यापुढे इंग्रजीशिवाय गाडी हलत नाही, वर गेल्यावर मीटिंग पण इंग्रजीत आणि कोचशी वाद पण इंग्रजीत. रोज नियमाचं एक पान मोठ्यानं वाच, म्हशीसमोर वाच हवं तर.

मुलींसाठी एक वेगळं सांगते कारण इथं कुणीतरी वाचत असेल. एनबीएत सुद्धा १९९७ पर्यंत एक पण बाई रेफ्री नव्हती, त्या वर्षी व्हायोलेट पामर आणि डी कँटनर दोघींना घेतलं. पामरनं २०१६ पर्यंत शिट्टी वाजवली. आपल्याकडे मी पहिल्यांदा मुलांच्या फायनलला उभी राहिले तर एका टीमचा कोच आयोजकांना विचारत होता की पंच कधी येणार. मी त्याच्या शेजारी उभी होते, शिट्टी गळ्यात. दुसऱ्या क्वार्टरला त्याला टेक्निकल (बेशिस्तीचा फाऊल) दिला. त्याचा राग म्हणून नाही, तो लाईन ओलांडून आत आला होता 🙂

पैशाचं म्हणशील तर माझं गेल्या वर्षाचं सगळं मानधन मिळून एका महिन्याच्या पगाराइतकं पण नाही झालं. त्यातून बूट घेतले आणि उरलेल्यातून आईला साडी.

---

रावेरचा_केळीवाला

माफ करा पण मला हे पटत नाही. तुम्ही सगळे मिळून पोराला हौस शिकवताय. २३ वर्षांचं पोरगं, बाप शेतात राबतोय, कापसाला भाव नाही, आणि इथं लाल पेन निळा पेन चाललंय. पाचशे रुपये दिवस? आमच्याकडे केळी कापायला माणूस त्याच्यापेक्षा जास्त घेतो आणि दुपारी घरी जातो. बापूचं बरोबर आहे.

---

धुळ्याचे_आप्पा

केळीवाले भाऊ, तुमचं चुकीचं नाही. मी पण तेच म्हणतोय की यावर पोट भरत नाही. फरक एवढाच की मी त्याला सोड म्हणत नाही, नोकरी आधी म्हणतोय.

नोकरीचं विचारलंस म्हणून सांगतो. पीटी शिक्षकाच्या जागा कमी आहेत हे खरं, पण तुझं बीपीएड आहे तर एवढीच एक खिडकी नाही. एमपीएससीतून क्रीडा अधिकारी होता येतं, त्याची जाहिरात कधी येते यावर डोळा ठेव आणि तोपर्यंत तयारी. पटियालाला एनआयएसमध्ये (राष्ट्रीय क्रीडा संस्थेत) कोचिंगचा डिप्लोमा आहे, बास्केटबॉलचा. खेळाडू म्हणून सर्टिफिकेटं असतील तर शासकीय नोकरीत पाच टक्के खेळाडू आरक्षण आहे, पण नीट ऐक, ते खेळल्याचं सर्टिफिकेट लागतं आणि ते पण ठरलेल्या स्तराच्या स्पर्धेचं, पंचगिरीचं चालत नाही. बऱ्याच पोरांचा इथं घोळ होतो, पंच म्हणून भेटलेली सर्टिफिकेटं फाईलला लावून बसतात. खाजगी शाळा, अकॅडमी कोच ठेवतात, पगार सुरुवातीला तुटपुंजा असतो पण कोर्ट सुटत नाही. आमच्या वेळचे सगळ्यात चांगले पंच कोण होते बघ, एक पोस्टात, दोन रेल्वेत, बाकी सगळे मास्तर. शिट्टी कुणाचाच धंदा नव्हता.

---

भुसावळ_टू_न्यूजर्सी

आणि केळीवाले दादा, चित्र थोडं हलतंय पण. २०१५ ते २०१७ यूबीएची प्रो लीग झाली, मग ती बंद पडली. २०१८ पासून थ्री बाय थ्रीची (तीन-तीन खेळाडूंच्या बास्केटबॉलची) लीग आली, २०२२ पासून फेडरेशननं आयएनबीएल ही लीग चालू केली. टिकतात किती हा प्रश्न आहेच, आपल्याकडे लीग येते आणि सर्कससारखा तंबू उचलून जाते. पण प्रत्येक लीगला पंच लागतात आणि तिथं शालेय स्पर्धेपेक्षा पैसे बरे भेटतात.

थ्री बाय थ्रीकडे लक्ष दे असं मी सांगेन. टोकियोपासून ऑलिंपिकमध्ये आहे, अर्धं कोर्ट, दहा मिनिटं नाहीतर २१ पॉइंट, १२ सेकंदाचा शॉट क्लॉक (तेवढ्यात शॉट मारायचा). एका दिवसात धडाधड मॅच होतात. नियम वेगळे आहेत, ते नीट पाठ असलेले पंच अजून कमी आहेत. पाच फूट पाचवाल्याला पळायला पण कमी.

२०१९ च्या ऑक्टोबरात एनबीए मुंबईला आली होती, किंग्ज आणि पेसर्सच्या दोन मॅच. मी सुट्टी काढून खास आलो होतो. सगळे खेळाडूंचे फोटो काढत होते, माझ्या शेजारचा एक मुलगा पूर्ण मॅच फक्त रेफ्री कुठं उभा राहतो ते मोबाईलवर शूट करत होता. बॉल कुठं गेला याच्याशी त्याला देणं-घेणं नाही. विचारलं तर म्हणे मी नागपूरला पंच आहे.

---

अमळनेरचा_पॉइंटगार्ड

केळीवाले दादा, तुम्ही रागानं लिहिलंत पण माझ्या घरी पण हेच चालू आहे, त्यामुळे वाईट नाही वाटलं.

काल रात्री बापूंना सगळं वाचून दाखवलं, नारळाच्या चटणीपर्यंत. ते हसले नाहीत पण पूर्ण ऐकलं. मग म्हणे, "ते आप्पा पगार शाळेतून घेत होते ना? मग ठीक शे." एवढंच. म्हणजे एमपीएससीचा फॉर्म भरायचा हे माझं मी समजलो.

आमच्या सरांना फोन केला. म्हणे येत्या रविवारी इथंच निमंत्रित स्पर्धा आहे, टेबलाला माणूस नाही, सकाळी सातला ये. ताई, एक विचारायचं राहिलं, खेळाडू थ्री पॉइंटर मारताना पाय रेषेवर होता की मागं हे टेबलावरून नाही दिसलं तर?

---

लाल_निळा_पेन

तू नाही ठरवायचं. पंचाचा हात बघ. शॉट सुटताना तीन बोटं वर, पडला तर दोन्ही हात वर. हात बघितल्याशिवाय गोल काढायचा नाही. आणि शंका आली तर पुढचा डेड बॉल होईपर्यंत (खेळ थांबेपर्यंत) थांबून विचार, मॅच चालू असताना टेबलावरून ओरडू नको, ते सगळेच एकदा करतात.

---

धुळ्याचे_आप्पा

आणि सातला बोलावलंय तर साडेसहाला जा. बाटलीत पाणी घरून ने, टेबलवाल्याला पाणी कुणी विचारत नाही. टोपी. उन्हात शीटवरचा लाल पेन डोळ्याला टोचतो.

---

अमळनेरचा_पॉइंटगार्ड

लाल आहे आप्पा, बहिणीच्या कंपासमधला घेतला. निळ्याची रिफिल संपलीय, आत्ता चौकात जाऊन आणतो, दुकान नऊला बंद होतं.